विद्यापीठाचं नाव नोकरीत किती चालतं, आणि कुठवर?

निळी शाई

प्रवेशाचे दिवस आले की माझ्याकडे येणारी मुलं आणि त्यांचे आईवडील फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. मोठ्या नावाच्या विद्यापीठात मिळेल तो विषय घ्यावा, की हवा तो विषय नीट शिकवणाऱ्या पण फारसं कुणाला माहीत नसलेल्या ठिकाणी जावं? मी करिअर समुपदेशक आहे. या प्रश्नाची दोन तयार उत्तरं सगळीकडे ऐकू येतात: ‘नावाशिवाय आज कुणी विचारत नाही’ आणि ‘शेवटी अंगात काय आहे तेच चालतं’. दोन्ही अर्धवट आहेत. अशा उत्तराच्या भरवशावर एखाद्या मुलीने उमेदीची वर्षं आणि घरची शिल्लक पणाला लावावी, हे मला बघवत नाही, म्हणून चर्चेचा हा धागा काढते आहे.

आधी माझं म्हणणं मांडते, मग तुम्ही खोडून काढा. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत मुलाखतीत कळत नाही. ती माणूस कामाला लागल्यावर हळूहळू कळते. तोवर त्याला कसल्या ना कसल्या खुणेवर भागवावं लागतं. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हे नीट मांडलं. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना जॉर्ज अकेरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की खूण विश्वासार्ह ठरायची तर ती मिळवणं कमी कुवतीच्या माणसाला जास्त जड गेलं पाहिजे. कडक प्रवेशपरीक्षा असलेल्या विद्यापीठाचं नाव नेमकं हे काम करतं. म्हणजे पुष्कळदा मालक किंमत देतो ती तुमच्या प्रवेशाला. आत गेल्यावर तुम्ही काय शिकलात, हे त्याने अजून पाहिलेलंच नसतं.

यावरून मला वाटतं की पहिल्या नोकरीत नाव जड असणार आणि जसजसं काम दिसू लागेल तसतसं हलकं होणार. तुमचा अनुभव काय? भरती करणारे, शिकवणारे, नावाशिवाय पुढे आलेले, सगळ्यांनी लिहा.

टेबलापलीकडे

मी भरतीच्या कामात बरीच वर्षं आहे. आतली बाजू सांगतो.

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तुम्ही धरलंय की आम्ही प्रत्येक अर्ज वाचतो आणि मग नावाला गुण देतो. तसं होत नाही. फ्रेशर भरताना सगळ्यात मोठा निर्णय कुठल्याही उमेदवाराचं नाव समोर येण्याआधीच झालेला असतो. यंदा कुठल्या कॅम्पसवर जायचं, हा तो निर्णय. प्रवास, परीक्षा आणि मुलाखती घेणारी माणसं, सगळंच मोजकं असतं, त्यामुळे यादी छोटी असते. ती यादी कशी ठरते? गेल्या वर्षी तिथून घेतलेल्यांचं काम कसं झालं, वरिष्ठांपैकी कोण कुठे शिकलं, आणि प्रतिस्पर्धी कंपन्या कुठे जातात. शेवटचं कारण ऐकायला विचित्र वाटेल, पण ते फार चालतं.

यादीबाहेरच्या मुलांसाठी पोर्टल असतं. एका जागेवर इतके अर्ज येतात की पहिली चाळणी सॉफ्टवेअरच करतं. त्यामुळे अनोळखी विद्यापीठातल्या मुलाला ‘नाकारलं’ असं म्हणणंसुद्धा बरोबर नाही. त्याचा अर्ज कुणी उघडलेलाच नसतो. तो बिचारा घरी बसून आपल्यात काय कमी आहे ते शोधत राहतो. हे मला आजही खटकतं.

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही. नामवंत ठिकाणचा मुलगा कामात कच्चा निघाला तर कुणी मॅनेजरला जाब विचारत नाही, ‘काय करणार, इतक्या चांगल्या ठिकाणचा होता’ म्हणून सोडून देतात. अनोळखी ठिकाणचा कच्चा निघाला तर पहिला प्रश्न येतो, ‘याला कुठून आणला?’ म्हणजे नाव हे उमेदवाराइतकंच निवडणाऱ्याचंही संरक्षण असतं. ही भीती जाईपर्यंत यादी बदलत नाही.

तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतर मात्र चित्र खरंच पालटतं. लॅटरल भरतीत, म्हणजे दुसरीकडून अनुभवी माणसं घेताना, मी आधी बघतो की माणसाने काय उभं केलं, कुणाच्या हाताखाली केलं आणि त्याच्याबद्दल कोण खात्री देतं. विद्यापीठ बायोडेटाच्या तळाशी असतं आणि तिथपर्यंत नजर गेलीच तर गप्पा सुरू करायला.

आकडेमोड

या विषयावर अभ्यास पुष्कळ झालेत. तीन सांगतो, कारण ते एकमेकांना पूरक आहेत.

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास. १९७६ मध्ये अमेरिकेत कॉलेजात दाखल झालेली मुलं त्यांनी घेतली. तुलना अशी होती: दोघांना सारख्याच तोलाच्या कॉलेजांनी प्रवेश देऊ केला, पण एक जण जास्त निवडक कॉलेजात गेला आणि दुसरा कमी निवडक. पुढे त्यांच्या कमाईत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. जास्त कमावणारी मुलं मुळात तशीच होती, कॉलेज कुठलंही असो. पण गरीब घरच्या मुलांच्या बाबतीत फरक दिसला. त्यांनीच नंतर सरकारी कमाईच्या नोंदी वापरून २०१४ मध्ये पुन्हा तपासलं, तेव्हाही सरासरी परिणाम नगण्य. फायदा दिसला तो कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळांच्या) मुलांना, आणि ज्यांचे आईवडील कमी शिकलेले होते त्यांना.

दुसरा इस्रायलचा, केविन लँग आणि एरेझ सिनिव्हर यांचा, २०११ मधला. हिब्रू विद्यापीठाचे पदवीधर आणि एका कमी निवडक कॉलेजचे पदवीधर, प्रवेशाच्या वेळचे गुण सारखे. सुरुवातीला कॉलेजवाल्यांना कमी पगार. कारण बाजार त्यांच्यातल्या हुशार मुलालाही त्या कॉलेजच्या सरासरी मुलासारखंच धरतो. काही वर्षांच्या अनुभवानंतर मात्र सारख्या गुणांच्या मुलांची कमाई सारखी होते. निळी शाई यांचा अंदाज इथे तंतोतंत बसतो.

तिसरा चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांचा, २०२३ मधला. अमेरिकेतली आठ आयव्ही लीग (जुनी, नामवंत, खासगी) विद्यापीठं, शिवाय स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो अशी बारा. प्रतीक्षा यादीतून आत घेतलेली आणि बाहेर राहिलेली मुलं त्यांनी तोलली. सरासरी कमाईत फार फरक नाही. पण आत गेलेल्यांची कमाईच्या वरच्या एका टक्क्यात पोचण्याची शक्यता सुमारे दीडपट आणि नावाजलेल्या कंपनीत काम मिळण्याची शक्यता जवळपास तिप्पट.

हे तिन्ही एकत्र वाचा. बहुतेकांसाठी नावाचा परिणाम थोडा आणि तात्पुरता आहे. अगदी शिखरावरच्या मोजक्या जागांसाठी तो प्रचंड आहे.

उंबरठा

आकडेमोड दादा, ‘थोडा आणि तात्पुरता’ हे सरासरीचं बोलणं झालं. मी त्या सरासरीच्या खालच्या बाजूची आहे, म्हणून लिहिते.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. विद्यापीठ असं की मुलाखतीत नाव सांगितलं की समोरचा पुन्हा विचारायचा. इस्रायलच्या अभ्यासात म्हटलंय की काही वर्षांत फरक बुजतो. खरं आहे, माझाही बुजला. पण त्या अभ्यासात येतात ती नोकरीत शिरलेली माणसं. जिला त्या क्षेत्रात पहिलं कामच मिळालं नाही, जी वाट बघून बघून दुसऱ्याच कामाला लागली, तिचा फरक कधी बुजणार? माझ्या वर्गातल्या माझ्याहून हुशार दोन मैत्रिणींचं हेच झालं. काम दिसेल तेव्हा नाव मागे पडेल, हे मला मान्य आहे. पण काम दाखवायला आधी काम हवं.

माझं कसं जमलं तेही सांगते, कुणाला उपयोग होईल. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर अर्ज टाकणं मी थांबवलं. जिथे मालक स्वतः उमेदवाराशी बोलतो अशा लहान कंपन्यांकडे वळले. एका ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पात चुका दुरुस्त करून पाठवत राहिले. ते काम जगात कुणालाही उघडून बघता येतं, त्याला विद्यापीठाची ओळख लागत नाही. तिथेच ओळख झालेल्या एका ज्येष्ठ मुलीने माझं नाव तिच्या ऑफिसात सुचवलं आणि पहिल्यांदा कुणीतरी माझा अर्ज पूर्ण वाचला.

मोठ्या विद्यापीठातल्या मुलीला ही ज्येष्ठ मुलगी वसतिगृहाच्या पुढच्याच खोलीत भेटते. मला तिला शोधावं लागलं. नावाचा खरा फायदा इथे आहे असं मला वाटतं. प्रमाणपत्रावरच्या शिक्क्याहून जास्त, आपल्या आधी तिथून बाहेर पडलेल्या माणसांचा.

सांजवारा

उंबरठा ताई, +१. प्रत्येक शब्दाला.

आकडेमोड

ताई, तुमचा मुद्दा मान्य. पहिली संधीच न मिळालेली माणसं कमाईच्या अभ्यासात नीट येत नाहीत. आणि ‘आधी बाहेर पडलेली माणसं’ यावर मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७३ चं काम फार बोलकं आहे. नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. मोठं विद्यापीठ अशा तोंडओळखी घाऊक देतं.

पण त्या ओळखी सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत, हेही पाहा. सेठ झिमरमन यांनी चिलीमधल्या सर्वांत नामवंत व्यवसाय-केंद्री पदव्यांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये आला. प्रवेशाच्या कट-ऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेली मुलं त्यांनी तोलली. तिथे प्रवेश मिळाल्याने कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर पोचण्याची शक्यता खूप वाढली. ती कुणाची? महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांची. मुलींना आणि इतर शाळांतल्या मुलांना हा फायदा जवळजवळ शून्य. एकाच वर्गात बसून!

डेल आणि क्रूगर म्हणतात फायदा वंचितांना, झिमरमन म्हणतात आधीच वर असलेल्यांना. मला यात विरोध दिसत नाही. बऱ्यापैकी नोकरीत शिरायला नाव वंचिताला मदत करतं. सर्वोच्च खुर्चीसाठी नाव पुरत नाही, तिथे आधीपासूनची सलगी लागते.

खडूफळा

मी विद्यापीठात शिकवतो. इतका वेळ आपण ‘नाव’ म्हणतोय, पण ते नाव येतं कुठून, याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

आज पालक नाव म्हणजे क्रमवारी समजतात. जगभरच्या विद्यापीठांची शांघाय क्रमवारी २००३ मध्ये सुरू झाली. तिच्यात काय मोजतात पाहा: नोबेल आणि फील्ड्स पदक (गणितातला मोठा सन्मान) मिळवलेले माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक, खूप उद्धृत होणारे संशोधक, ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले लेख, एकूण शोधनिबंध. पदवीच्या वर्गात प्राध्यापक शिकवायला येतो का, प्रयोगशाळेत मुलांच्या हाताला उपकरण लागतं का, याला तिथे जागाच नाही. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या क्रमवारीत मोठा वाटा प्रतिष्ठेच्या सर्वेक्षणाचा असतो. प्राध्यापकांना आणि कंपन्यांना विचारतात की तुमच्या मते चांगली विद्यापीठं कोणती. लोक ऐकलेली नावं सांगतात, ती क्रमवारीत वर जातात, वर गेली म्हणून आणखी ऐकू येतात.

आणि आकडे विद्यापीठंच पुरवतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं प्रकरण आठवा. तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकांनी, मायकेल थॅडियस यांनी, २०२२ मध्ये विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेल्या आकडेवारीवर जाहीर प्रश्न उभे केले. यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकावर असलेलं विद्यापीठ त्याच वर्षी अठराव्यावर आलं. दोन याद्यांच्या मधल्या काळात तिथलं शिक्षण सोळा पायऱ्या बिघडलं असेल का? मुलं तीच होती, शिकवणारेही तेच.

तरीही क्रमवारीला हसून सोडून देता येत नाही, कारण आता सरकारं ती वापरतात. ब्रिटनने २०२२ मध्ये ‘हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल’ व्हिसा सुरू केला. हातात नोकरी नसतानाही तिथे जाऊन काम शोधता येईल, मुख्य अट अशी की गेल्या पाच वर्षांतली पदवी ठरलेल्या यादीतल्या विद्यापीठाची हवी. सुरुवातीला यादी बनवली क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन आणि शांघाय या तीन क्रमवाऱ्यांवरून, किमान दोन क्रमवाऱ्यांत पहिल्या पन्नासात असलेल्या परदेशी विद्यापीठांची. पहिल्या यादीत दक्षिण आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका यांतलं एकही विद्यापीठ नव्हतं. शोधनिबंध मोजायला केलेलं माप एका बावीस वर्षांच्या मुलीला देशात घ्यायचं की नाही, यासाठी लावलं गेलं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते वर्गातही सांगतो.

उंबरठा

सर, मग ज्या मुलीला परदेशात काम करायचंय तिच्यासाठी नाव जास्त महत्त्वाचं, असंच ना?

खडूफळा

हो. घरापासून जितकं लांब जाल तितकं नावाचं वजन वाढतं. आपल्या भागातल्या कंपन्यांना माहीत असतं की अमुक लहान कॉलेजचा यंत्र विभाग उत्तम आहे. सीमेपलीकडच्या मालकाला विभाग कुठून माहीत असणार? त्याच्याकडे एक क्रमांक असतो, तोच तो बघतो.

विषयानेही फरक पडतो. डॉक्टर, परिचारिका, वैमानिक, सनदी लेखापाल यांना व्यवसायाचा परवाना किंवा समान परीक्षा असते. ती उत्तीर्ण झालात की कुठे शिकलात हा प्रश्न निम्मा संपतो. जिथे कामाचा दर्जा पटकन मोजता येत नाही, म्हणजे सल्लागार, गुंतवणूक बँका, मोठ्या वकिली संस्था, तिथे नाव टिकून राहतं. लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतल्या अशाच संस्थांमधल्या निवड करणाऱ्यांशी सविस्तर बोलून दाखवलंय, की अगदी वरच्या मोजक्या विद्यापीठांबाहेरचे अर्ज तिथे फारसे विचारातच घेतले जात नव्हते.

आकडेमोड

सरांच्या ‘समान परीक्षा’ या मुद्द्याला कोलंबिया देशातून भक्कम आधार मिळतो. (हा दक्षिण अमेरिकेतला देश, वरचं विद्यापीठ नव्हे.) तिथे पदवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा आली आणि मुलं तिचे गुण बायोडेटात लिहू लागली. मॅक्लिओड आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार त्यानंतर पगारावरचा कॉलेजच्या प्रतिष्ठेचा प्रभाव घटला आणि मुलाच्या स्वतःच्या कुवतीचा वाढला. दुसरी खूण मिळताच बाजाराने पहिलीवरचा भार कमी केला.

भारतातल्या नामवंत सरकारी कॉलेजांवर शीतल सेखरी यांचा २०२० चा अभ्यास आहे. कट-ऑफच्या आसपासचीच मुलं. नामवंत कॉलेजात गेलेल्यांना पगार जास्त मिळाला, पण शेवटच्या परीक्षेच्या गुणांत फरक नव्हता. शिकणं तेवढंच, मोबदला जास्त.

टेबलापलीकडे

मग ज्ञान तेवढंच असून मी जास्त पैसे मोजतो, असं झालं. हे आमच्या बैठकीत मांडणार आहे.

नाव झाकून निवड करण्याचे प्रयत्नही झालेत. डेलॉइट या लेखापरीक्षण आणि सल्ला देणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर केलं, की निवड करणाऱ्यांना नोकरी देऊ करेपर्यंत उमेदवाराचं विद्यापीठ दिसणार नाही. आम्ही लहान प्रमाणावर असं केलं. आधी प्रत्यक्ष कामासारखी एक चाचणी, तपासणाऱ्याला नाव-गाव काही नाही. निवडलेल्यांत अशा ठिकाणची मुलं आली की जिथे आम्ही कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्यांतली बरीच आजही उत्तम काम करताहेत. अडचण एकच. ज्यांना चाचणीची बातमीच पोचत नाही त्यांच्यासाठी हेही दार बंद.

काळजीत पडलेला बाप

सगळं वाचलं. माझ्यापुढे नेमका प्रश्न आहे. मुलीला एका मोठ्या नावाच्या विद्यापीठात तिच्या आवडीचा नसलेला विषय मिळतोय, त्यासाठी कर्ज काढावं लागेल. दुसरीकडे तिच्या आवडीचा विषय, कर्जाशिवाय, पण नाव फारसं नाही. घरात कुणी या क्षेत्रातलं नाही. काय करू?

निळी शाई

दादा, निर्णय तुम्हा दोघांचा आहे, मी फक्त तोलायला मदत करते. घरात ओळखी नाहीत म्हणजे नावाचा उपयोग तुमच्या मुलीला इतरांपेक्षा जास्त होईल, हे खरं. पण तो फायदा पदवी पूर्ण करणाऱ्याला आणि विषयात रमणाऱ्याला मिळतो. नावडत्या विषयात जेमतेम उत्तीर्ण झालेल्या मुलीला मोठं नाव उलट अडचणीत आणतं, मुलाखतीत अपेक्षा वाढलेल्या असतात. कर्जाचा धोका निराळाच आहे. हप्ता डोक्यावर असला की मुलं शिकायला मिळेल अशी पहिली नोकरी सोडून पगार देणारी कुठलीही धरतात. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत माझा कौल आवडीच्या विषयाला, एका अटीवर: त्या लहान विद्यापीठाच्या त्या विभागातून मुलं कुठे जातात ते आधी पडताळून घ्या.

काळजीत पडलेला बाप

पडताळायचं कसं? माहितीपत्रकात तर सगळ्यांचंच ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ आहे.

टेबलापलीकडे

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि प्लेसमेंट विभागाला लेखी विचारा. शंभर टक्के म्हणजे कुणाचे? वर्गातल्या सगळ्यांचे, की नोंदणी केलेल्यांचे? काही ठिकाणी कमी गुणांच्या मुलांना नोंदणीच करू देत नाहीत, मग टक्केवारी आपोआप शंभर. सर्वोच्च पॅकेज विचारू नका, तो एका मुलाचा आकडा असतो. सरासरीसुद्धा त्या एका मुलाने फुगते. मध्यक विचारा, म्हणजे पगार ओळीने लावले तर बरोबर मधल्या मुलाचा किती. आणि तो तिच्या विभागाचा हवा, अख्ख्या विद्यापीठाचा चालणार नाही. कंपन्यांची यादी मिळाली तर प्रत्येकीने किती जणांना आणि कुठल्या कामासाठी घेतलं ते विचारा. नुसती येऊन गेलेली कंपनीसुद्धा बोधचिन्हांच्या भिंतीवर झळकते.

उंबरठा

आणि लिंक्डइनवर त्या विभागातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं शोधा. फलकावर फोटो असलेली नकोत, मधल्या गुणांची. त्यांना साधा निरोप पाठवा. बहुतेक जण उत्तर देतात, कारण त्यांनाही कधीतरी हेच विचारायचं होतं. इंटर्नशिप कुणी मिळवून दिली, विद्यापीठाने की स्वतः शोधली, हे नक्की विचारा. मुलीला मलाही थेट निरोप पाठवायला सांगा, त्या ओपन सोर्स प्रकल्पात नव्या मुलांसाठी सोपी कामं वेगळी काढून ठेवलेली असतात, सुरुवात कुठून करायची ते मी तिला दाखवते.

काळजीत पडलेला बाप

सांगतो तिला, आज रात्रीच निरोप येईल. दोन्ही विद्यापीठांना प्रश्न लिहून पाठवले आहेत. लहान विद्यापीठाच्या विभागप्रमुखांनी स्वतः फोन करून मध्यक सांगितला आणि नोकरी न मिळालेल्यांची संख्याही सांगितली. मोठ्या विद्यापीठाकडून अजून तेच माहितीपत्रक आलंय. आणखी आठवडाभर वाट बघतो.